ओट्यासमोरचा दगड

दस्तगीरने गुडघ्यांवर बसून फरशीवर तळहात टेकवला आणि दाबला. टक.

"साहेब, हा दगड हलतो की ओ."

"हलतो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"घर बांधलं तेव्हापासून."

त्याने हात उचलला. दगड परत जागेवर आला. टक.

"मग नीट का नाही केला?"

"पुढच्या दिवाळीला करणार होते."

मधल्या खोलीत वेताची खुर्ची कुरकुरली. अप्पा, म्हणजे माझे वडील, खुर्चीतून अर्धवट उठले होते. एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसरा हवेत.

"कोण आहे आत?"

"दस्तगीर आहे, अप्पा. फरशीवाला."

"बरं," ते म्हणाले आणि परत बसले. त्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू नेले होते. खिडकी उघडी आहे की बंद, एवढं कळायचं. ते हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे. हक्क आणि कर्तव्यं तोंडपाठ होती, त्यामुळे रिकामा वेळ बरा जात असावा.

दस्तगीर तसा फरशीवाला नव्हता. त्याचं दुकान सीट कव्हरचं. रिक्षांचे हूड, मोटारसायकलच्या गाद्या, ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची आसनं आणि त्या गाड्यांच्या तळाला चिकटवायची प्लास्टिकची शीट. खरी फरशी बसवणाऱ्या दोघांना मी विचारलं होतं. पहिल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी दुसऱ्याकडे गेलो आणि दुसऱ्याचा ऐकून दस्तगीरकडे. त्याच्याकडे इटालियन संगमरवरासारखी दिसणारी, सोनेरी शिरा असलेली शीट शिल्लक होती. पुण्याच्या स्लीपर गाडीचं काम करून उरलेली.

"कुठली गाडी?" मी सहज विचारलं.

त्याने नाव सांगितलं. आदल्या रात्री त्याच गाडीने मी सोलापूरला आलो होतो. म्हणजे रात्रभर ज्या इटलीवर चपला काढून ठेवल्या होत्या, तीच आता आमच्या स्वयंपाकघरात येणार होती.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर होतं. अप्पांनी बांधलं आणि 'पुढची कटकट नको' म्हणून सुरुवातीपासूनच माझ्या नावावर केलं. पुढची कटकट आता आली होती. अव्वा जाऊन वर्ष झालं होतं. अव्वा म्हणजे माझी आई, आमच्याकडे अव्वाच म्हणतात. ती गेल्यापासून अप्पा एकटे राहात होते आणि त्या एका वर्षात त्यांनी स्वयंपाकाच्या पाच बायका काढल्या होत्या. एकीच्या भाकरीला शेंगदाण्याच्या चटणीचा वास येतो म्हणून. एकीच्या हातात फार बांगड्या म्हणून. सिद्धव्वा नावाची बाई बरी होती. रस्सा असा करायची की शेजारचे वाटी घेऊन यायचे. तिला काढलं, कारण ती पाय आपटत चालते. पाचवीला का काढलं ते कोणालाच कळलं नाही, तिलाही नाही. सहावी मिळेना. कॉलनीत बातमी फिरली होती की कलशेट्टी सरांकडे कामाला जाणं म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसण्यासारखं आहे.

बायका नाहीत म्हणून अप्पा स्वतः चहा करायला गेले आणि गॅस उघडा राहिला. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. त्या दिवशी माझ्या बहिणीने, म्हणजे अक्काने, हुबळीहून फोनवर निकाल दिला.

"चनू, घर विकायचं. अप्पांना पुण्याला ने."

"ते येणार नाहीत."

"त्यांना विचारायचंच नाही. डोळ्यांच्या तपासणीला म्हणून ने. मग राहतील."

"आणि घर?"

"विकल्यावर सांगू. काय करणार आहेत तेव्हा?"

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या योजनांना विरोध करायची सवय मला लागलीच नाही. मी पुण्यात एका विमा कंपनीत आहे. ज्यांचे दावे फेटाळले जातात त्यांना पत्रं लिहिणं हे माझं काम. पहिल्या ओळीत 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' आणि दुसऱ्या ओळीपासून कलमं. वीस वर्षं मी रोज कोणाच्या ना कोणाच्या दुःखात सहभागी होत आलो आहे. अव्वा गेली तेव्हा मला रडू आलं नाही. नातेवाइकांनी खांद्यावर हात ठेवले, मी त्यांना पाणी आणून दिलं. बहुधा माझा कोटा आधीच संपला होता.

एजंट म्हणाला, बाकी घर ठीक आहे, पण किचनची फरशी बदला. बायका किचन बघून घर घेतात. आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती, काळपट, खडबडीत, तेल पिऊन चिकट झालेली. अक्का म्हणाली, "स्वस्तात काहीतरी घालून टाक. अप्पांना सांग, जुनी फुटली म्हणून दुरुस्ती काढली आहे." मी तसंच सांगितलं. अप्पांनी काही विचारलं नाही. फक्त "बरं" म्हणाले. त्या वर्षात ते बहुतेक गोष्टींना बरं म्हणत. हे आजारी माणसाचं लक्षण आहे असं मला वाटलं नाही. मीसुद्धा ऑफिसात तेच म्हणतो.

दस्तगीर अजून त्या दगडावर हात ठेवून बसला होता.

"याच्यावर शीट नाही बसायची, साहेब. दगड हलला की शीट फाटणार. याला आधी पक्का करावा लागेल."

"कर."

"खाली सिमेंट भरतो मूठभर. विशेष काम नाही."

तो दगड ओट्याच्या बरोबर समोर होता, जिथे गॅसपाशी उभं राहायला लागतं तिथेच. गवंड्याने बसवताना खाली पोकळी ठेवली होती. पाय दिला की एक टक, काढला की एक टक. अव्वाचा सगळा जन्म त्या दगडावर उभं राहण्यात गेला. माझ्या लहानपणापासून नव्हे, घर नंतर झालं. पण कॉलेजात असताना मी मधल्या खोलीत अभ्यासाला बसायचो आणि दुपारी आतून टक, टक आलं की अप्पा पेपरामागून विचारायचे, "चहा टाकलास का गं?" आणि मी मान वर न करता म्हणायचो, "अव्वा, मला अर्धाच." तिने खरंच चहा टाकलेला असेल असं नाही. कधी ती नुसती डबा घ्यायला आलेली असायची. मग चिडून टाकायची. "हा दगड आधी काढा," म्हणायची. अप्पा म्हणायचे, "पुढच्या दिवाळीला." अशा बऱ्याच दिवाळ्या झाल्या.

दस्तगीरने पहार घातली. मी अप्पांना सांगायला गेलो, कारण आवाज होणार होता.

"अप्पा, तो दगड काढतोय. पक्का बसवायला."

"कुठला?"

"ओट्यासमोरचा. हलतो तो."

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला. आंधळ्या माणसाचा चेहरा वळतो तेव्हा तो आपल्या थोडा बाजूला वळतो, खांद्याच्या पलीकडे. मला वाटलं आता ते नको म्हणतील, आणि शीटचं काय करायचं असा विचारही मी केला. इटली परत घेतली जाणार नव्हती.

"बसव," ते म्हणाले. "चांगला पक्का बसव."

दगड उचलला. खाली माती होती आणि एक मेलेलं झुरळ. एवढंच. दस्तगीरने पोकळीत सिमेंट थापलं, दगड ठेवला, वरून उभं राहून दोन्ही पायांनी नाचल्यासारखं केलं. आवाज आला नाही.

"झालं की ओ, साहेब! म्हैस उभी केली तरी हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या खोलीत सोल्यूशन फासलं. वासाने डोक्यात कळा आल्या. मग शीटचा रोल उलगडत, हाताने दाबत, चाकूने कोपरे कापत तो मागे मागे सरकत गेला आणि दाराशी येऊन उठला. सीट कव्हरला लावतात तशी कडेला लाल पट्टी लावून देतो म्हणत होता. मी नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं. संध्याकाळी दिवा लावल्यावर खोली अशी चकाकली की मला स्वतःच्याच घरात तिकीट दाखवावंसं वाटलं.

"अप्पा, चालून बघता?"

ते भिंतीला हात लावत आले. उंबऱ्याशी थांबले. अनवाणी पाऊल आत टाकलं, मग दुसरं. पायाची बोटं शीटवर घासली.

"हे काय रे? एसटीत चढल्यासारखं वाटतंय."

"एसटी नाही, ट्रॅव्हल्स," मी म्हटलं.

"म्हणजे तिकीट जास्त."

ते ओट्यापर्यंत गेले, ओट्याला हात लावून उभे राहिले. त्या दगडावर. काही झालं नाही. मागे सरकले. पुन्हा उभे राहिले. मला वाटलं ते फरशी निसरडी आहे का बघताहेत.

मग माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले, "गिऱ्हाईक कधी येतंय?"

मी दाराशी पडलेला शीटचा एक तुकडा उचलला.

"कसलं गिऱ्हाईक?"

"चन्नवीर," ते म्हणाले. पूर्ण नाव घेतलं की आमच्याकडे वर्ग सुरू होतो. "तू या घरात आजपर्यंत एक खिळा ठोकलेला नाहीस. अव्वाचा फोटो लावायला शेजारच्या मुलाला बोलावलंस. असा माणूस पदरचे पैसे खर्चून पुण्याहून फरशी घालायला आला, तर राहायला घालतोय की विकायला?"

"रविवारी येतंय," मी म्हटलं.

"अक्काची आयडिया?"

"हो."

"वाटलंच. तुझी असती तर आधी पत्र आलं असतं." ते भिंतीला हात लावत खुर्चीकडे निघाले. "मी सांगून ठेवतो. मी तुझ्या सातव्या मजल्यावर येणार नाही. एकदा आलो होतो. तिथे उठून दारापर्यंत गेलो की दार दुसऱ्याचं निघतं. जिथे माझा पाय जमिनीवर नाही तिथे मी राहणार नाही."

"मग एकटे कसे राहणार? बाई तुम्ही ठेवू देत नाही. गॅस उघडा ठेवता."

"ते खरं आहे," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसले.

असं भांडण मला जमत नाही. समोरचा माणूस 'ते खरं आहे' म्हणाला की माझ्याजवळ कलमच उरत नाही. मी अक्काला फोन केला. अप्पांना कळलं, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "कळू दे. रविवार पार पाड. सोमवारी उचलून गाडीत बसव." मी त्यांना उचलून गाडीत बसवतो आहे असं चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. चित्र आलं. त्यात गाडीची फरशी संगमरवरी होती.

रविवारी येमूल पती-पत्नी आले. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि लेक-जावई जवळच राहात होते, म्हणून त्यांना हाच भाग हवा होता. माणसं सभ्य होती. येमूलांनी आल्या आल्या भिंतीवर बोटाने वाजवून बघितलं. बाईंनी चपला दारात काढल्या आणि कोणी न सांगता अप्पांच्या पाया पडल्या. अप्पांनी हात हवेत धरला, तो त्यांच्या डोक्याच्या जरा बाजूला.

"सुखी राहा. स्वयंपाकघर बघा आधी. आमच्या चिरंजिवांनी तुमच्यासाठी खास फरशी घातली आहे."

मला वाटलं, झालं. आता ते एकेक करून सांगतील. ड्रेनेज तुंबतं. गच्ची गळते. शेजारी कुत्रा आहे. नागरिकशास्त्राच्या मास्तरांना माहितीचा हक्क कोणी शिकवायला नको होता. पण ते पुढे काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून राहिले, मान जराशी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून. गेलं वर्षभर ती खुर्ची तशीच त्या दाराकडे तोंड करून होती. उजेडासाठी खिडकीशी ठेवू का, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा नको म्हणाले होते.

येमूल माझ्याशी पाण्याच्या वेळांबद्दल बोलत होते. बाई आत गेल्या. बराच वेळ गेला. मग अप्पांनी विचारलं, "ताई अजून आत गेल्या नाहीत का?"

"केव्हाची आतच आहे की, आजोबा," बाई आतून म्हणाल्या.

अप्पांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या.

"कुठे उभ्या आहात?"

"ओट्यापाशी. गॅस ठेवतात तिथे."

"जरा बाजूला होता? आणि परत उभ्या राहा तिथेच."

येमूलांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आत बाई बाजूला झाल्या असाव्यात आणि परत उभ्या राहिल्या असाव्यात. असाव्यात म्हणतो, कारण काही ऐकू आलं नाही.

"झाल्या उभ्या?" अप्पा.

"झाले की!"

"वा," अप्पा म्हणाले आणि हसले. मी त्यांना वर्षभरात हसताना बघितलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं त्यांना ठसका लागलाय.

"म्हातारबुवांना फरशीचं भारी कौतुक," येमूल म्हणाले. त्यांना टाकी बघायची होती, मी त्यांना जिना दाखवला. दोघं गच्चीवर गेले. मी वर जाणार, एवढ्यात अप्पा म्हणाले, "चनू, सिद्धव्वाचा नंबर आहे का रे?"

"कशाला?"

"तिला परत बोलव. रस्सा चांगला करायची."

"अप्पा, तिला तुम्ही काढलंत. पाय आपटते म्हणून."

"आपटत नव्हती बिचारी. त्या दगडावर पाय द्यायची. दिला नाही तर गॅसपाशी उभी कशी राहणार?"

मी खालच्या पायरीवर बसलो. वरून येमूलांनी टाकीचं झाकण वाजवल्याचा आवाज येत होता.

"आवाज आला की मी 'अगं' म्हणायचो," अप्पा म्हणाले. शिकवताना ज्या सुरात 'राज्यसभेचे सदस्य' म्हणायचे त्याच सुरात सांगत होते. "सवय. डोळे गेल्यावर मला ती कुठे आहे ते तेवढ्यानेच कळायचं. शेवटी शेवटी तर तीच म्हणायची, दगड राहू द्या, तुम्हाला बरं पडतं. मग ती गेली, आणि आवाज चालूच. दिवसातून कितीदा तरी टक वाजायचं, माझ्या तोंडून 'अगं' निघायचं, आणि आतून कोणीतरी म्हणायचं, 'मी आहे, आजोबा.' सकाळी एकदा. चहाला एकदा. रात्रीच्या भाकरीला एकदा. रोज उठून रोज तेच. ती नाही, ती नाही, ती नाही. किती वेळा ऐकायचं माणसानं? बाई काढली की दोन दिवस शांत वाटायचं."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगू? दगड नीट करा? म्हणजे तुम्ही विचारणार, का. आणि स्वतःहून तो दगड काढायचा म्हणजे..." त्यांनी खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवला. "तू काढलास ते बरं केलंस. तुला माहीत नव्हतं म्हणून काढलास."

"आणि आता?"

"आता काय. आता आवाजच नाही. ती बाई आत होती, मला पत्ता नाही. आत कोणी असलं तरी आवाज नाही, नसलं तरी नाही." त्यांनी मान दाराकडे वळवली. "म्हणजे आत कोणीही असू शकतं. मला काय दिसतंय?"

मनात काही विशेष आलं नाही. फक्त एक हिशेब मांडला जात होता, आपोआप, जसा ऑफिसात मांडला जातो. बाई टिकत नाही म्हणून गॅस. गॅस म्हणून घर विकायचं. घर विकायचं म्हणून फरशी. फरशी म्हणून दगडाखाली मूठभर सिमेंट. हेच मूठभर सिमेंट वर्षापूर्वी घातलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं. दावा मुळातच निराधार होता.

येमूल खाली आले. खूश होते. "आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "हिला किचन आवडलं. आजच टोकन देऊन टाकतो, म्हणजे तुमच्याही मनाला घोर नको."

त्यांनी खिशात हात घातला. मी उठून उभा राहिलो. मला एकच प्रकारची भाषा येते, तीच तोंडातून आली.

"आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. परंतु सर्व बाबींचा विचार करता घर विकणे शक्य होणार नाही, हे कळवताना खेद होतो."

येमूल माझ्याकडे बघत राहिले. बाई पुढे आल्या.

"म्हणजे काय ओ? विकायचं नाही?"

"नाही."

"मग बोलावलं कशाला आम्हाला, उन्हातान्हात? फरशी दाखवायला?"

"हो," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "तुमचे फार उपकार झाले, ताई. बसा, चहा घेऊन जा. चनू, टाक चहा."

मी आत जाऊन चहा टाकला. त्या दगडावर उभा राहून. घरात कोणालाही कळलं नाही की मी तिथे आहे.

अक्काला फोन केला तो संवाद मला अजून पाठ आहे.

"मग फरशी कशाला घातलीस?"

"विकायला."

"मग विकलं का नाहीस?"

"फरशी घातली म्हणून."

तिने फोन ठेवला. हुबळीची माणसं सहसा फोन ठेवत नाहीत.

सिद्धव्वा आली. पगार वाढवून मागितला, तो योग्यच होता. अप्पा त्या घरात अजून पाच वर्षं राहिले. सिद्धव्वा सांगायची, सर आता काही बोलत नाहीत, जेवतात, कधी कधी नुसते दाराकडे तोंड करून बसतात आणि मधेच म्हणतात, "टाकलास का?" मी आत असले तर चहा टाकते, ती म्हणायची. नसले तर नसतेच, मग कोणाला विचारतात काय ठाऊक. गेले तेसुद्धा खुर्चीत, दुपारचे. मी पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. लोकांनी खांद्यावर हात ठेवले. मी पाणी आणून दिलं.

मग मात्र घर विकायचं कारण आपसूकच आलं. या वेळच्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात खरी फरशी घालायची होती, त्यामुळे प्लास्टिक काढून द्या म्हणाला. मी दस्तगीरला बोलावलं. त्याचे केस पिकले होते, पण शीट फुकट मिळणार म्हटल्यावर लगेच आला. रिक्षांच्या तळाला चालते, म्हणाला, इटालियन आहे.

सामान गेलं होतं. मधल्या खोलीत ती वेताची खुर्ची तेवढी राहिली होती. ती कोण नेणार यावर अक्काचं आणि माझं ठरत नव्हतं, म्हणजे कोणीच नेणार नव्हतं. मी तिच्यावर बसून मोबाइलवर एक पत्र लिहीत होतो. कोणाचातरी मुलगा गेला होता आणि पॉलिसीचे हप्ते थकले होते. पहिली ओळ झाली. दुसरीवर आलो. आत दस्तगीर शीट ओढत होता. चिकटलेलं प्लास्टिक सुटताना फाडकन् आवाज यायचा, मग शांत, मग पुन्हा फाडकन्. ते सोल्यूशन चांगलं होतं, सुटताना शीटबरोबर दगडही उचलत असावं, आणि खालचं मूठभर सिमेंट बहुधा केव्हाच भुगा होऊन गेलं असावं.

मग ते थांबलं. दुपारची वेळ होती. मी 'कलम चार (ब) नुसार' लिहिलं.

आतून आलं, टक. आणि मग, टक.

मी मान वर केली नाही.

"अव्वा," मी म्हटलं, "मला अर्धाच."

आत शीट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मी आहे, साहेब," दस्तगीर म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. पण मोबाइलवरचं अक्षर मला दिसेना.